गाळात लिहिलेला इतिहास

इ. स. १८७४ च्या फेब्रुवारी महिन्यात 'चॅलेंजर' नावाचे ब्रिटिश संशोधन-जहाज दक्षिण ध्रुववृत्त ओलांडून हिमनगांच्या गर्दीत शिरले. ध्रुवाभोवती एखादे विशाल खंड आहे की केवळ विखुरलेली बेटे, हे त्या काळी निश्चित ठाऊक नव्हते. जहाजावरील कोणालाही त्या भूमीचे दर्शन घडले नाही. परंतु सागरतळावरून उपसलेल्या गाळात ग्रॅनाइट, वालुकाश्म यांसारख्या खडकांचे तुकडे निघाले. हे तर खंडांवरील खडक! किनारा दृष्टीस पडत नसता ते तेथे आले कसे? हिमनगांनी ते वाहून आणले, हे जहाजावरील शास्त्रज्ञ जॉन मरे यांनी ओळखले आणि दक्षिणेस एक खंड असलेच पाहिजे, असे अनुमान केले.

किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर इतरत्र प्रामुख्याने नद्या गाळ आणतात. वाहते पाणी त्याची निवड करते. जड वाळू आधी तळाशी बसते, बारीक चिखल दूरवर जातो. अंटार्क्टिकावर हे काम हिमनद्या करतात आणि बर्फाला अशी निवड करता येत नाही. प्रचंड धोंडे व पिठासारखी माती तो एकत्रच टाकतो. बर्फाने पूर्वी हा तळ खरवडून काढल्यामुळे तेथील समुद्रबूड जमीन बरीच खोल, सरासरी सुमारे ५०० मीटर, असून पुष्कळ ठिकाणी तिचा उतार उलट, म्हणजे भूमीच्या दिशेने आहे. हिमनगांचे बुडालेले भागही नांगराप्रमाणे तळावर लांबच लांब चर पाडतात.

जेथे उन्हाळ्यात समुद्र मोकळा होतो, तेथे सूर्यप्रकाशात डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्या मेल्यावर त्यांची काचेसारखी कवचे तळाशी साचतात. त्यामुळे धोंडेमिश्रित थर दिसला की तेथे बर्फ होता आणि कवचांचा थर दिसला की तेथे मोकळे पाणी होते, असे समजते.

इ. स. २००६-०७ मध्ये चार देशांच्या शास्त्रज्ञांनी रॉस समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाला भोक पाडले. खालचे सुमारे ८५० मीटर पाणी ओलांडून त्यांनी तळात १,२८५ मीटर खोल वेध घेतला. वर आलेल्या खडकाच्या कांडीत हे दोन्ही प्रकारचे थर पुन्हा पुन्हा आढळले. सुमारे ५० ते ३० लक्ष वर्षांपूर्वी, पृथ्वी आजच्याहून सुमारे ३ अंशांपर्यंत अधिक उष्ण असताना, तेथील बर्फ अनेकदा वितळून समुद्र मोकळा झाला होता.

या शोधाचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ पुन्हा वितळला, तर जगातील समुद्रांची पातळी काही मीटरांनी वाढेल आणि मुंबईसारख्या नगरांचे सखल भाग पाण्याखाली जातील. म्हणूनच शास्त्रज्ञ ध्रुवप्रदेशाच्या थंडीत राबून हा गाळ थराथराने वाचीत आहेत.