मानव्यविद्या कशासाठी? : आळंदीच्या पालखीच्या निमित्ताने
(द्वितीय वर्ष, कला)

बारावीनंतर कला शाखेला प्रवेश घेतला म्हणजे "दुसरीकडे कुठे मिळाला नसेल" असे आपल्या भागात सर्रास धरून चालतात. त्यात बोलणाऱ्यांचा फार दोष आहे असेही नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण असा उद्योगांचा पट्टा वाढत गेला. आय. टी. आय. झालेला मुलगा कारखान्यात लागतो, डिप्लोमावाला सुपरवायझर होतो, हा हिशेब आमच्या चऱ्होलीतील घराघरांना तोंडपाठ आहे. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे "बी. ए. करून पुढे काय?" हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही, तो रोज जेवणाच्या ताटावर येतो. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

माणसाने जे निर्माण केले, जे मानले आणि जसे तो जगला, त्याचा अभ्यास म्हणजे मानव्यविद्या, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. भाषा, साहित्य, कला, इतिहास, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, संस्कृती हे सारे तिच्यात येते आणि समाजशास्त्रासारखे विषय तिच्या शेजारीच बसतात. परंतु व्याख्या पाठ करून गुण मिळतात, समज येत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ, तेही दारातलेच. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते आणि पुण्याकडे जाताना आमच्या हद्दीतील वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांपाशी विसावा घेते. ही एकच पालखी आपल्या निरनिराळ्या विषयांच्या नजरेतून पाहू.

साहित्य

पालखीत ज्यांच्या पादुका असतात त्यांनी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे त्या ग्रंथाच्या हाताने नकला होत राहिल्या व त्यांत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ती शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. आज वर्गात ज्याला पाठचिकित्सा म्हणतात ते काम एका संताने चारशे वर्षांपूर्वी पैठणला बसून केले! ज्याच्यावर श्रद्धा आहे तो ग्रंथ तपासून घ्यावा, यात नाथांना कमीपणा वाटला नाही. मोबाईलवर संतांच्या नावाने वाटेल ती वाक्ये फिरत असताना, "हे मुळात असेच आहे काय?" असे विचारण्याची ही सवय प्रत्येकाच्या कामाची आहे.

इतिहास

पालखी अनादि काळापासून चालत आली आहे, असे आपण सहज म्हणतो. पंढरीची वारी फार जुनी आहे, हे खरेच. पण पालखी सोहळ्याला सुरुवात आहे. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली देहूहून पालखी काढली व आळंदीच्या पादुकाही तिच्यासोबत नेण्याची प्रथा पाडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळचे हैबतबाबा यांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. दिंड्यांचे क्रम, रथापुढच्या व रथामागच्या जागा, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे यांत तो लष्करी बाणा आजही दिसतो. परंपरा माणसेच घडवतात, हे इतिहास शिकवतो. आणि माणसांनी घडवलेल्या गोष्टीत माणसांना सुधारणाही करता येते.

समाजशास्त्र

डेक्कन कॉलेजातील विदुषी इरावती कर्वे या पालखीबरोबर पायी चालल्या. त्या अनुभवावरील त्यांचा लेख १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध होऊन परदेशातील अभ्यासकांपर्यंत पोचला. जेथील माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवी व्याख्या त्यांना वाटेवर सापडली. मात्र तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दिवसभर एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवायला जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले, त्याचे त्यांना दुःख झाले आणि ते त्यांनी लिहून ठेवले. कौतुक आणि चिकित्सा एकाच मनात राहू शकतात, याचा याहून चांगला पाठ मला पाठ्यपुस्तकात मिळालेला नाही.

नीतिशास्त्र

नीतिशास्त्राचा तास म्हणजे फळ्यावर लिहिलेले सुविचार, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक आपण जे मानतो आणि जसे वागतो त्यांतले अंतर मोजणे हे त्या शास्त्राचे काम आहे. ज्या विठ्ठलाला चोखोबांनी आळविले त्याच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींना त्याच मंदिराच्या प्रवेशासाठी पंढरपुरात उपोषण करावे लागले आणि मग दारे सर्वांना उघडली. अभंग सहाशे वर्षे गाइले गेले, पण दार मात्र कोणी तरी "हे योग्य आहे काय?" असे आग्रहाने विचारल्यावरच उघडले.

माझी आई गळ्यात माळ घालते. "पुस्तकं वाचून पांडुरंग लांब तर जायचा न्हाई ना?" असे तिने मला विचारले होते. नाथ, इरावतीबाई आणि गुरुजी ही तीन नावे मी तिच्यापुढे ठेवली. तिघांनीही प्रश्न विचारले ते जवळिकीतून. परक्याला पालखीतले व्यंग दिसले तरी त्याचे दुःख होत नाही.

आजचा प्रश्न

ज्या इंद्रायणीत वारकरी स्नान करतात तिच्या पाण्यावर अलीकडे आळंदीत वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसतो. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे प्रक्रिया न झालेले पाणी नदीत येते हे त्याचे कारण. फेसात काय आहे ते रसायनशास्त्र सांगेल, पाणी शुद्ध कसे करावे ते अभियंता सांगेल. पण खर्च कोणी सोसावा, रोजगार व नदी यांत तोल कसा साधावा, नदी पवित्र मानणारे आपण तिच्यात निर्माल्य व सांडपाणी का सोडतो, या प्रश्नांना कोणत्याही यंत्रावर उत्तर निघत नाही. त्यासाठी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, नीती आणि संस्कृती यांच्याकडेच यावे लागते. चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. शेतांच्या जागी इमारती आल्या. असे गाव बदलत असताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरविणारी शिकलेली माणसे गावातलीच असावीत, असे मला वाटते.

बी. ए. झाल्यावर नोकरी हमखास मिळते, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी संगणक, इंग्रजी, स्पर्धा परीक्षा यांची वेगळी तयारी करावीच लागेल, आणि घरच्यांची काळजी खोटी नाही. पण कारखान्यात काम करणारे माझे वडीलही ड्यूटीवरून सुटल्यावर माणूस म्हणूनच घरी येतात. मत देतात, मुलीचे लग्न ठरवतात, शेजाऱ्याशी भांडतात, पालखीला हात जोडतात. आयुष्याचा हा भाग नीट समजून घेण्याची विद्या ती मानव्यविद्या. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कला शाखेत आहोत हे सांगताना आपला आवाज खाली जाण्याचे काही कारण नाही. यंदा पालखी येईल तेव्हा हात जरूर जोडू या, आणि आपल्या विषयाचा निदान एक प्रश्न वहीत लिहून आणू या.