मुरगावच्या मुक्कामाबद्दल

धाड, ता. बुलढाणा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझा सगळा कार्यक्रम अक्काने फोनवर वाचून दाखवला. मुंबईहून जहाज, मुरगाव बंदरात दिवसभर मुक्काम, तेवढ्यात पणजीला जाऊन ‘चार-पाच बार पालथे घालायचे’, आणि मग पुढे लक्षद्वीप. सोबत अक्का, दाजी, तुझी मावशी, तिचा धाकटा आणि तुझे दोस्त. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. मी काही माळकरी नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ही यादी दोस्तांची आहे आणि तिच्यात तू घर बसवलंयस. ते जमवायचं तर काही गोष्टी आधीच ठरव.

कंडक्टरकी केलेल्या माणसाला थांब्याची धास्ती असते. गाडी दहा मिनिटं थांबेल असं सांगितलं की उतरणारा अर्ध्या तासाचं काम काढतो. भजी, मग चहा, मग कुणाला तरी फोन. एसटीत आम्ही डोकी मोजायचो, हाका मारायचो, शेवटी चार शब्द सुनवायचो, पण माणूस घेऊनच निघायचो. जहाज तसं करत नाही. मुरगावहून पणजी तीसेक किलोमीटर. झुआरीवर नवा पूल झाला तरी मोसमात गोव्याच्या रस्त्यांचा भरवसा नाही. परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. चुकलात तर पुढचं बंदर पदरच्या पैशाने गाठायचं, आणि पुढचं बंदर बेट असलं तर तिथे बसही नाही न् रेल्वेही नाही. म्हणून परतीची वेळ आधी कागदावर लिही आणि तिथून मागे मागे मोजत ये. घड्याळ न पिणाऱ्याच्या हाती दे. तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्यांनाच ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं.

चार-पाच बार कशाला? दोन पुरेत. दर नव्या ठिकाणी माणूस पहिल्यापासून मोजायला लागतो, म्हणून एकूण किती झाली हे कुणालाच कळत नाही. त्यातून हा हुर्राकचा मोसम. काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. आपल्याकडे पहिल्या धारेचं नाव काढलं की माणूस बिचकतो. तिथे पहिली धार सौम्य. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का घालून देतात. उन्हात घसा गार होतो आणि पाहुणा सरबतासारखा ढोसतो. फेणी मात्र चाळीस टक्क्यांच्या वरची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा चव जरूर घे. पण एका बैठकीत दोन्ही नकोत, आणि पोटात मासे-भात पडल्याशिवाय तर नकोच नको.

आता अक्काचं. बार म्हटला की तिचा चेहरा आक्रसतो, त्याला जुनाटपणा म्हणू नको. तिने पाहिलेला बार म्हणजे काळ्या काचांची परमिट रूम. आत शिरणारा आधी मागे वळून बघतो आणि त्याची बायको बाहेर गाडीत वेफर्सचं पाकीट घेऊन बसलेली असते. आपल्या राज्यात बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान करून गावोगावची दुकानं बंद पाडली, ती उगाच नाही. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्यांतले बार निराळे, लहान, उजेडाचे. तिथे ती खुर्चीवर निवांत बसू शकेल, पण तिच्यासाठी काही मागवलेलं असलं तर. कोकम सोडा सांग, तळलेली मासळी सांग, आणि तिच्याशी बोलत बस. तिला कोपऱ्यात पर्स सांभाळायला बसवायचं असेल तर नेऊच नको. दुपारभर मांडवीच्या काठाने फिरेल, जास्त खूश राहील. आणि त्या गल्ल्यांत लोकांची राहती घरं आहेत. त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढताना आरडाओरडा करू नका.

मावशीचा धाकटा एकोणीस वर्षांचा. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात, गोव्यात १८ पुरतात. तो हे तुला नक्की ऐकवणार. कायदा त्याच्या बाजूने असेल, पण तू त्याला मावशीच्या पाठीमागे भरून देऊ नको. मागायची असेल तर आईसमोर मागू दे. बहुधा मागणारच नाही.

बाहेरून घेतलेली बाटली जहाजावर नेऊ देत नाहीत, आणि लक्षद्वीपला बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे. तेव्हा पिशव्या भरू नका. रात्री डेकच्या कठड्याला रेलून फोटो काढणाऱ्या दोस्ताला आत ओढून आणायची जबाबदारी तुझी.

शेवटचं पैशाचं. बारचं बिल सगळ्यांत सारखं वाटायचं नाही. कोकम सोडा प्यायलेल्या मावशीकडून फेणीची वर्गणी मागितलेली मला कळली, तर मी धाडहून फोन करेन आणि तोही तुझ्या बायकोला.

तुझा
मामा