‘गाडी लो करून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय सांगाल?

गॅरेजवाल्या मित्रांनो, पोलो जीटी घेऊन आलेला ग्राहक म्हणतो, “गाडी लो करून द्या.” लगेच स्प्रिंग विकू नका. आधी विचारा, “रोज कुठल्या रस्त्याने जाता?” मग क्रम पाळा.

१. टायर. रस्त्याला फक्त तेच टेकतात.
२. झिजलेले बुश, बॉल जॉइंट बदला.
३. शॉकअप आणि स्प्रिंग, जोडीनेच. कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपला आवरत नाही; खड्ड्यावर चाक उडतं, पकड सुटते. पावसात वळणावर हे जिवावर बेतू शकतं.
४. शेवटी व्हील अलाइनमेंट.

आज बिल कदाचित कमी होईल. पण ग्राहक सुखरूप घरी पोचेल आणि पुढच्या कामाला तुमच्याकडेच येईल.

आजचा गृहपाठ: हा क्रम काउंटरजवळ लिहून लावा.