दोघांचीच टीम? पाळ्या बोटीवरून शिका

२ ऑक्टोबर २०२४ ला नौदलाच्या दोन महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. बोटीवर दोघीच. अशा सफरीत रात्री जागायचं कोणी?

बोट रात्रीही चालूच असते, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावतात. जुनी पद्धत चार तासांची: एक डेकवर, दुसरा झोपेत. आता गणित बघा. दिवसात सहा पाळ्या, माणसं दोन. म्हणजे रात्री बारा ते चारची पाळी रोज एकाच्याच माथी! खलाशांनी तोडगा काढला. संध्याकाळची चार ते आठची पाळी दोन-दोन तासांत तोडली. पाळ्या झाल्या सात. आकडा विषम, त्यामुळे मध्यरात्र आपोआप आलटून-पालटून येते.

“नेहमी मीच का?” हा प्रश्न भागीदारी पोखरतो. म्हणून तुमच्या धंद्यातली नकोशी वेळ शोधा. पहाटे माल आणणं असेल, रात्रीचा हिशेब असेल, ती फिरती ठेवा. पाळी सोपवताना काय झालं, काय बाकी आहे, हे वहीत लिहा. आणि ज्याची झोपेची वेळ आहे, त्याला खरंच झोपू द्या. फोन करू नका!

आजच कागद घ्या, पाळ्या मांडा.