डॉजचा मॅनिफोल्ड उतरवण्याआधी

वालचंदनगरामुळे वालचंद हिराचंदांचं नाव आमच्या इंदापूर तालुक्यात घरोघरी आहे. याच माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडायला सुरुवात केली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. तशीच एक डॉज किंग्जवे बारामतीत माझ्याकडे आहे. सहा सिलिंडरचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, आणि त्याच्या कडेला बिडाचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

सकाळी गार इंजिन चालू केलं की टकटक ऐकू यायची, गाडी तापली की बंद व्हायची. दोघा-तिघांनी टॅपेट सांगितले. बॅटरी मारून पाहिलं, तर मागच्या टोकाशी काजळीचा काळा पट्टा आणि त्यात केसाएवढी चीर. तापल्यावर बीड फुगतं, चीर मिटते आणि आवाज थांबतो. तुमच्या जुन्या गाडीत असा आवाज असेल तर आधी काजळी शोधा. त्या चिरेतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि बंद काचांच्या गाडीत तो जीव घेतो.

एका गॅरेजमध्ये तो मॅनिफोल्ड साध्या रॉडने जोडून दिला. भिगवण रस्त्याला चार खेपा झाल्या नसतील, तोच वेल्डिंगच्या अगदी कडेने नवी चीर गेली, पहिलीपेक्षा लांब. बिडात कार्बन भरपूर. गार बिडावर वेल्डिंग केलं की सांध्याची कड झटकन थंड होते, काचेसारखी कडक होते आणि तिथेच तडकते.

मग ज्याचे हात उसाच्या चरकावर आणि पंपाच्या बॉडीवर बसलेत, असा वेल्डर गाठला. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात अशी माणसं आहेत, विचारलं की सापडतात. त्याने जुनं वेल्डिंग मुळासकट घासून काढलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग अख्खा मॅनिफोल्ड हळूहळू तापवला आणि निकेल रॉडने इंचभराचाच टाका घातला, वरून हलके हातोडीचे ठोके, थोडं थांबून पुढचा टाका. काम होताच तो कोरड्या राखेत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही. असा थांबणारा माणूस दोन पैसे जास्त मागत असेल तर द्या.

उतरवताना गंजलेल्या नटाशी झटापट करू नका. आदल्या रात्री तेल सोडा, नट गॅसने तापवा, आधी किंचित आवळा आणि मग सोडा. स्टड ब्लॉकमध्ये तुटला तर काम दुप्पट होतं. काही स्टड थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावायला विसरू नका. बसवण्याआधी तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक तपासा. वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग करा, पण गरजेपुरतंच.

बसवताना इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना आधीच घट्ट करायचे नाहीत. ढिले जोडून ब्लॉकवर टेकवा, मधून टोकांकडे आवळा आणि मगच त्यांचे आपसातले बोल्ट आवळा. टोकांचे नट बेताने. गरम बीड लांबतं, त्याला सरकायला जागा हवी. नेमके जुन्या मापाचे पितळी नट घाला, ते चिकटून बसत नाहीत. खालची हीट-रायझरची झडप बोटाने फिरते का, तेही बघाच.

कित्येकांनी मला पाइप वळवून नवा बनवून घ्यायला सांगितलं. मी ऐकलं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण इंजिन, चासी आणि बॉडीत मोठा बदल केलेला नसावा लागतो. त्यामुळे तडा गेलेला मूळ मॅनिफोल्ड भंगारवाल्याला देऊ नका. बिडाचं काम जाणणारा वेल्डर भेटेपर्यंत तो तेल लावून घरात ठेवा.