ज. वि. ना. आणि ना. वि. ज.

मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासकाने १९७४ सालची एक कथास्पर्धा ध्यानात ठेवावी. मराठी विज्ञान परिषदेच्या या स्पर्धेला डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरे उलटी केलेली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रतही पत्नी मंगलाताईंच्या हातची. कुरखेड्यातून कथा धाडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला नाव नसल्याची धास्ती वाटते. या ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञाला ती नाव असल्याची वाटली. परीक्षकांनी माणूस नव्हे, कथा पाहावी, हा त्यामागील हेतू. पहिले पारितोषिक जगतापांना मिळाले. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ साली निघाला. त्यावर मात्र नाव नारळीकरांचेच होते.