सहीच्या आधी कागद

चि. सोनू,

तुमच्या संघटनेतल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी काढलेल्या गुंतवणूक कंपनीबद्दल तू विचारलंस. ‘फक्त सभासदांसाठी, ओळखीशिवाय प्रवेश नाही’ ही तुला जमेची बाजू वाटते. पण खासगीरीत्या शेअर देऊन भांडवल उभारणाऱ्या कंपनीला जाहिरात करायला २०१३च्या कंपनी कायद्याचीच मनाई आहे. कलम ४२ खाली, काही अपवाद सोडले तर, वर्षाला २०० जणांपलीकडे प्रस्तावही देता येत नाही. तेव्हा निमंत्रण आलं यात बहुमान काही नाही. कंपनीने आपले व्यवहार बाहेरच्यांना दाखवले नाहीत तरी बिघडत नाही. पैसे घालणाऱ्यालाच दाखवले नाहीत, तर बिघडलं.

संघटनेने तुमच्या पदव्या तपासल्या, कोणाचा पैशाचा व्यवहार तपासला नाही. आणि पन्नास सहकाऱ्यांनी पैसे घातले म्हणजे पन्नास जणांनी चौकशी केली असं नव्हे. बहुतेकांनी एकमेकांकडे बघून सही केलेली असते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्याचा डोलारा यावरच उभा होता. फ्लोरिडातल्या पाम बीच कंट्री क्लबच्या सभासदांना त्याच्याकडे पैसे ठेवायला मिळणं प्रतिष्ठेचं वाटे. परतावा डोळे दिपवणारा नव्हता, पण वर्षानुवर्षं जवळपास एकसारखा येई. बाजार वरखाली होत असताना हा कसा हलत नाही, एवढंच विचारायला हवं होतं. त्याचे हिशेब तपासणारी फर्म अगदी लहान होती आणि ग्राहकांचे रोखे त्याच्याच संस्थेच्या ताब्यात असल्याचं दाखवलं जाई. डिसेंबर २००८मध्ये सगळं कोसळलं.

म्हणून आधी विचार : मी नेमकं काय विकत घेतेय? शेअर, एलएलपीतली (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेतली) भागीदारी, कर्ज की एआयएफचं (पर्यायी गुंतवणूक निधीचं) युनिट? कंपनी असेल तर तिचा ताळेबंद आणि संचालकांची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून बघता येते. एआयएफ असेल तर बाजार नियामक सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोध. नाव सापडलं तरी सेबीने परताव्याची हमी घेतली असं समजू नकोस. एआयएफमध्ये सर्वसाधारणपणे किमान गुंतवणूक १ कोटीची. ‘दहा जणांनी दहा-दहा लाख काढा, एकाच्या नावावर टाकू’ असं कोणी सुचवलं, तर साफ नाही म्हण. त्या कागदावर तुझं नावच नसेल.

मग पैशाचा माग काढ. ‘मूल्य दुप्पट झालं’ म्हणतात, ते मूल्य ठरवलं कोणी? आजवर किती रक्कम सभासदांच्या बँक खात्यात खरोखर परत आली? ती गुंतवणूक विकून आली की नव्या सभासदांच्या पैशातून? कंपनीने संचालकांच्या नातलगांकडून जमीन, यंत्रं किंवा सेवा घेतल्या आहेत का? मला बाहेर पडायचं झालं तर शेअर कोण, कोणत्या भावाने घेणार? आणि तुला सुचवणाऱ्या सहकाऱ्याला यातून काय मिळतं, हेही सरळ विचार. ठरलेल्या परताव्याचं वचन देऊन ठेव मागत असतील, तर २०१९चा अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदीचा कायदा त्यांना लागू होतो का, हे वकिलाकडून तपासून घे.

प्रश्न लेखी पाठव, उत्तरंही लेखीच माग. ‘आपल्यात कसले कागद?’ असं म्हणाले, तर तिथेच थांब. सगळे कागद स्वच्छ निघाले, तरी क्लिनिकच्या कर्जाचे हप्ते आणि मुलीच्या शिक्षणाची रक्कम यात घालू नकोस. पाच-सात वर्षं अडकली आणि शेवटी बुडाली तरी घर चालेल, एवढीच रक्कम घाल.

रोज भेटणाऱ्या ज्येष्ठाला नकार देणं जड जातं, हे मला कळतं. तेव्हा खुशाल माझं नाव पुढे कर. ‘मामा फार किचकट आहेत, कागद बघितल्याशिवाय सही करू देत नाहीत’ असं सांग. भाचीचे पैसे शाबूत राहत असतील, तर हा वाईटपणा घ्यायला मी तयार आहे.

तुझा,
मामा